निबंध क्रमांक एक : माझे कुटुंब

माझ्या आधी आत गेलेल्या दोघांच्याही घरी मेदोर नावाचा कुत्रा होता. दोघांच्याही बहिणीचं नाव सोफी. दोघंही सुट्टीत आजोबांच्या मळ्यात सफरचंदं तोडायला जात. पहिला आटपाडीचा होता, दुसरा जतचा. त्या भागात सफरचंद फक्त आजारी माणसाच्या उशाशी दिसतं, हे आतल्या मंडळींना ठाऊक असावं किंवा नसावं.

मी दाराबाहेरच्या बाकावर बसून ऐकत होतो. दारावरची काच केव्हाच फुटलेली. तिथं पुठ्ठा लावायचीही कुणी तसदी घेतली नव्हती. त्यामुळे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात कुणाची मुलाखत कशी चालली आहे, ते बाकावर बसल्या बसल्या कळत होतं. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.च्या खाकी गणवेशात बसले होते. रजेवर होते तरी खाकी. "खाकी असली की कुणी हटकत नाही," असं त्यांचं म्हणणं. विद्यापीठात शिरल्यापासून त्यांना चौघांनी हटकलं होतं.

"सगळ्यांचा सूर एकच लागतोय की रे," अण्णा म्हणाले.

सुरातलं त्यांना कळे. आमच्या कोंढापूरच्या स्टँडवर लाउडस्पीकरवरून गाड्या पुकारणारा आवाज त्यांचा. हुद्दा वाहतूक नियंत्रक. गाव म्हणायचं कंट्रोलर. 'विटामार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे' हे वाक्य अण्णांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की घरी जेवायला बोलावतानाही ते ताट लागत आहे असं म्हणत.

मला तो सूर अर्थातच ओळखू आला होता, कारण मीही तोच घेऊन आलो होतो. माझ्याही घरी मेदोर होता.

हे १९८१ सालचं. त्या काळात आमच्याकडे फ्रेंच ही भाषा नव्हती, मार्क पाडायची सोय होती. बारावी सायन्सची पोरं मराठी सोडून फ्रेंच घेत, कारण मराठीत जीव गेला तरी साठाच्या वर कुणी देत नसे आणि फ्रेंचमध्ये नव्वद पडत. डॉक्टर होऊ घातलेली, इंजिनिअर होऊ घातलेली, आणि काहीच होण्याची लक्षणं नसलेली, अशी सगळी पोरं केळुसकर सरांच्या वर्गात दाटीवाटीने बसत.

केळुसकर सरांना फ्रेंच येत नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना बारा निबंध फ्रेंच येत होतं. हे बारा निबंध त्यांनी कुठून तरी मिळवले होते, सायक्लोस्टाईल करून घेतले होते, आणि त्यांच्या प्रती तीन जिल्ह्यांत फिरत होत्या. पानावर तीन रकाने. डावीकडे उच्चार, देवनागरीत. मध्ये फ्रेंच. उजवीकडे मराठी अर्थ, तो फारसं कुणी वाचत नसे. निबंध क्रमांक एक, माझे कुटुंब. दुसरीच ओळ, 'माँ पेर ए मेदसँ.' माझे वडील डॉक्टर आहेत. आई मायाळू. बहीण सोफी. कुत्रा मेदोर. पेपरात विषय कोणताही येवो, सर सांगत, पहिल्या चार ओळी त्या विषयावर लिहा आणि मग हळूच कुटुंबावर या. "तपासणारा चौथ्या ओळीला कंटाळतो," असा त्यांचा अनुभव होता. तपासणाऱ्यांत ते स्वतः असल्यामुळे तो खोटा म्हणता येत नव्हता.

सरांची स्वतःची पदवी इतिहासाची. वर्षातून एकदा, डिसेंबरात, ते घरून टेपरेकॉर्डर आणून एक कॅसेट लावत. "ही भाषा बोलतातसुद्धा, एवढं माहीत असावं," असं म्हणून ते खिडकीपाशी तपकीर ओढत उभे राहात. पोरं तेवढ्यात केमिस्ट्रीची जर्नल उतरवून घेत.

मी तसा उतरवण्यातलाच होतो. पण कॅसेटवर एक बाई बोलायला लागली आणि माझा हात थांबला. ती बाई कुठल्याशा स्टेशनवर गाड्या पुकारत होती. मला तिचं एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. कुठली गाडी, कुठला फलाट, कशाला उशीर. स्टँडवर लहानाचा मोठा झालेल्या पोराला ते कळतंच. ती दर वाक्याच्या शेवटी आवाज जरासा खाली सोडायची, अगदी अण्णा सोडत तसा. मी सरांकडे ती कॅसेट मागितली. सरांनी ती लगेच दिली, इतकी लगेच की ती त्यांनी स्वतः कधी पुरती ऐकली नसावी. पुढचे तीन महिने शेजारच्या टेपवर मी ती झिजवली. बारावीत फिजिक्समध्ये एक्केचाळीस पडले, फ्रेंचमध्ये त्र्याण्णव, आणि मी घरात जाहीर केलं की मी फ्रेंचचा मास्तर होणार.

घरात कुणी हसलं नाही. आईने फक्त भूपाल मामाला बोलावून घेतलं.

भूपाल मामा आमच्याच कॉलेजात हेडक्लार्क होता. प्राचार्य बदलत, मामा राही. तो पाय धुऊन आत आला, पाटावर बसला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "शांत्या, एक सांग. तुला फ्रेंच शिकायचंय, का फ्रेंच शिकवायचंय?"

"दोन्ही."

"दोन्ही जमत नाही. आधी ते ठरव."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ. तू विद्यापीठात जाऊन बी.ए. फ्रेंच केलंस. झालास हुशार. आता मास्तर व्हायचं तर बी.एड. पाहिजे. बी.एड.ला शालेय विषय पाहिजे. फ्रेंच हा आपल्या यादीत शालेय विषय नाही. म्हणजे बी.एड. नाही. म्हणजे मान्यता नाही. म्हणजे तू फ्रेंच येणारा बेकार."

"मग केळुसकर सर कसे झाले?"

"तेच सांगतोय. इतिहास घेऊन बी.ए. करायचं, एम.ए. करायचं, बी.एड. करायचं. नेमणूक इतिहासाची. वर्कलोड कमी पडतो, तो भरायला फ्रेंच. केळुसकर सहा वर्षांत निवृत्त होतायत. जागा आपल्या हातातली आहे. फ्रेंच शिकवायला फ्रेंचची पदवी लागत नाही, बाबा. उलट ती आड येते."

"आणि फ्रेंच कधी शिकायचं?"

मामाने माझ्याकडे दयेने पाहिलं. "कशाला?"

आई म्हणाली, "मामा सांगतोय ते ऐक की."

मी मामाचा मनापासून तिरस्कार करायला लागलो तो त्या दिवसापासून. तो अजून चालू आहे, पण मामाचा एकही शब्द पुढे खोटा ठरला नाही, हे त्या तिरस्काराचं खरं कारण असावं.

अण्णा दारापाशी बसून ऐकत होते. ते म्हणाले, "विद्यापीठाची मुलाखत मंगळवारी आहे म्हणतोय नव्हं? जाऊन तर येऊ. पास आहेच."

तर असे आम्ही बाकावर.

"चौगुले, शांतिनाथ आदगोंडा."

मी उठलो. अण्णांनी माझ्या शर्टाची मागची बाजू ओढून सरळ केली. "दमानं बोल," ते म्हणाले. "घाईनं पुकारलं की पॅसेंजर भलत्या गाडीत बसतो."

आत तिघं होते. एक गृहस्थ चष्मा पुसत होते, ते शेवटपर्यंत पुसतच राहिले. एक कारकून. मध्ये डॉ. पद्मजा सरंजामे. हातमागाची करडी साडी, आखूड केस, आणि चेहऱ्यावर भाव असा की, आपण नुकताच कसला तरी वास घेतला आहे आणि तो कुठून येतोय हे आपल्याला समजलं आहे. त्या चार वर्षं फ्रान्सात राहून आल्या होत्या आणि तिथून परत यावं लागलं याबद्दल त्यांनी कोंढापूर, जत आणि आटपाडी यांना माफ केलेलं नव्हतं.

त्यांनी फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. वाक्य लांबलचक होतं. त्यातला एकही शब्द माझ्या बारा निबंधांत नव्हता. केळुसकर सरांनी निघताना बजावलं होतं, "काहीही विचारू देत, तू कुटुंब सुरू कर. बोलणाऱ्याला कुणी थांबवत नाही."

मी कुटुंब सुरू केलं. दमाने. वाक्याच्या शेवटी आवाज जरासा खाली सोडत. आमचं कुटुंब लहान आणि सुखी आहे. माझे वडील डॉक्टर आहेत. माझी आई मायाळू आहे. मला एक बहीण आहे, तिचं नाव...

"सोफी," सरंजामे मॅडम म्हणाल्या. मग मराठीत, "थांब. त्या कुत्र्याचं वय किती?"

"माहीत नाही, मॅडम."

"मी या खुर्चीवर बसल्यापासून अकरा वर्षं ओळखते त्याला. कुत्री सहसा एवढी जगत नाहीत." त्यांनी चष्मा पुसणाऱ्यांकडे पाहिलं. ते हसले आणि पुन्हा पुसायला लागले. "बरं, हे सोड. मी काय विचारलं होतं ते कळलं?"

"नाही, मॅडम."

"निदान हे तरी खरं बोललास." त्यांनी माझा अर्ज पुढे ओढला आणि तो वाचता वाचता आणखी एक प्रश्न विचारला, मराठीतच. मी त्याचं उत्तर दिलं. ते उत्तर मी नंतर एकोणीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. इथेही जरा थांबून सांगतो.

त्यांनी अर्ज बाजूला सारला. मग म्हणाल्या, "उच्चार कुणी शिकवले तुला? हे केळुसकरांचे नाहीत."

"कॅसेट होती, मॅडम. स्टेशनवरची."

"एकट्यानं ऐकलीस?"

"हो."

"हं." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुला काहीही येत नाही. पण कान आहे. तो शिकवून येत नाही. एक वर्ष प्रमाणपत्राच्या वर्गात बस, बिगरीतल्या पोरासारखा. मग तीन वर्षांची पदवी. चार वर्षं इथं, माझ्या हाताखाली. ते बारा निबंध विसरायचे. जमणार असेल तर शनिवारपर्यंत प्रवेश घे. नसेल जमणार तर जा, कुत्रा सांभाळ."

बाहेर आलो तर बाक रिकामा. अण्णा लांब, जिन्यापाशी, फलकासमोर मागे हात बांधून उभे होते. फलकावर जर्मनच्या परीक्षेचं वेळापत्रक लावलं होतं. अण्णा ते पहिल्या ओळीपासून वाचत होते.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं. घेतो म्हणाल्या. चार वर्षं लागतील."

"लागू देत की." मग वेळापत्रकाकडे बोट करून म्हणाले, "हे लोक वेळा चांगल्या सुटसुटीत लिहितात."

परतीच्या गाडीत आम्हाला ड्रायव्हरमागची सीट मिळाली. कंडक्टरने अण्णांना नमस्कार केला, मला भजी दिली. गाव मागे पडल्यावर अण्णा म्हणाले, "काय काय विचारलं रे?"

"घरचंच विचारलं."

"मग माझं सांगितलंस?"

"सांगितलं."

"फ्रेंचमध्ये कंट्रोलरला काय म्हणतात?"

तो शब्द बारा निबंधांत नव्हता. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर मग आत काय सांगितलंस, असा प्रश्न आला असता. मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "मेदसँ."

"मेदसँ," अण्णा म्हणाले. मग फलाटावर पुकारतात तसं, सावकाश, "मे-द-सँ. चांगला आहे शब्द. वजनदार आहे."

पुढचे तीन दिवस मी विचार करतोय असं घरातल्यांना वाटत होतं. शनिवारी सकाळी मी मामाकडे गेलो आणि म्हणालो, "इतिहासाचा फॉर्म द्या." मामाने तो आधीच भरून ठेवला होता. सही तेवढी बाकी होती.

घरी अण्णांनी विचारलं, "तुला ते आवडायचं नव्हं रे? त्या बाईंनी घेतो म्हटलं होतं."

"मामा म्हणतात ते बरोबर आहे. फ्रेंचच्या पदवीवर मास्तर होता येत नाही. आणि ती बाई फार शिष्ट आहे."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि सायकल काढून ड्यूटीवर गेले.

मामाची गाडी वेळेवर धावली. बी.ए. इतिहास, एम.ए. इतिहास, बी.एड., तिथं शिकवण्याचे विषय इतिहास आणि मराठी. केळुसकर सर निवृत्त झाले आणि आठवड्याला सहा तास इतिहास व अकरा तास फ्रेंच असा मी कोंढापूरचा फ्रेंचचा प्राध्यापक झालो. निरोपाच्या दिवशी सरांनी नारळाबरोबर सायक्लोस्टाईलचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. "बदल काही करू नकोस," ते म्हणाले, "निकाल बिघडतो." मी काही बदललं नाही. निकाल शंभर टक्के. पालक पेढे आणून देत. डिसेंबरात मी टेपरेकॉर्डर नेऊन कॅसेट लावत असे. स्टेशनवरची बाई आता घोगरी झाली होती. पोरं जर्नल उतरवत आणि मी खिडकीपाशी उभा राहात असे. तपकीर मी ओढत नव्हतो, एवढाच काय तो फरक. केळुसकर सरांना मी आयुष्यभर हसत आलो, पण त्या बिचाऱ्यांना बारा निबंधांच्या पलीकडे काही असतं हेच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी दार उघडं बघून परत आलो होतो.

अण्णांनी मात्र तो शब्द सोडला नाही. मुलाखतीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी डेपोत सांगितलं की फ्रान्समध्ये आपल्याला मेदसँ म्हणतात. महिन्याभरात ड्रायव्हर-कंडक्टर त्यांना मेदसँसाहेब म्हणू लागले. पुढे कुणी विचारलं तर अण्णा सांगत, "माझा मुलगा सांगतो. फ्रेंचचा प्राध्यापक आहे. तो कशाला खोटं सांगेल?" हे ते माझ्या देखत सांगत, आणि मी चपलेचा अंगठा बघत उभा राही. दर वेळी वाटे, आता सांगावं. पण एक वर्ष न सांगितलेली गोष्ट दुसऱ्या वर्षी सांगणं अवघड, आणि दहाव्या वर्षी तर तिचा विषयच काढता येत नाही.

२००० साली अण्णा निवृत्त झाले. डेपोत कार्यक्रम झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. शेवटी अण्णांनी केबिनमध्ये जाऊन माईक हातात घेतला. सगळा स्टँड थांबून ऐकत होता.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. कोंढापूर आगाराचे मेदसँ आदगोंडा चौगुले फलाट क्रमांक एकवरून घरी जात आहेत. गाडी वेळेवर आहे."

लोक हसले. काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. अण्णांनी काचेतून मला शोधलं आणि एक भुवई उचलली. ती भुवई मी नीट पाहिली.

घरी आल्यावर ते अंगणात आरामखुर्चीत बसले. शाल अजून अंगावर होती. मी समोर स्टूल घेतलं.

"अण्णा, तुम्हाला माहीत आहे?"

"काय?"

"मेदसँ म्हणजे काय ते."

"डॉक्टर," अण्णा म्हणाले. "निबंध क्रमांक एक. दुसरी ओळ. परीक्षेच्या वेळी न्हाणीघरात जाऊन ओरडायचास. अर्थासकट."

"म्हणजे गाडीत विचारलंत तेव्हाच..."

"तेव्हाच."

मग ते जे म्हणाले, ते अगदी साध्या आवाजात, कुठल्या गाडीला किती उशीर आहे हे सांगावं तसं.

"त्या बाकावर सगळं ऐकू येत होतं की रे."

आता मघाशी थांबवलेलं सांगतो. सरंजामे मॅडमनी माझा अर्ज ओढला, वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे वाहतूक नियंत्रक लिहिलंय. तू तर डॉक्टर म्हणालास. मग बाहेर खाकीत बसलेत ते कोण?" आणि मी, सतरा वर्षांचा, त्र्याण्णव मार्कांचा, चष्मा पुसणाऱ्या गृहस्थांच्या हसण्याने पोळलेला, म्हणालो होतो, "ते आमच्या गावचे आहेत. सोबत आलेत."

मॅडमना ते खोटं आहे हे कळलं होतं. अर्ज त्यांच्या समोरच होता. तरी त्यांनी मला घेतलं, आणि नेमकं त्यामुळेच मला तिथं जाता येईना. चार वर्षं रोज सकाळी त्या बाईसमोर बसायचं, जिला मी बापाचं काय केलं ते ठाऊक आहे. इतिहास त्यापेक्षा बरा. त्यात सगळे मेलेले असतात. बी.एड., मान्यता, शालेय विषय, हे सगळं मी शनिवारी मामाकडून उसनं आणलं आणि आयुष्यभर वापरलं.

"तुम्ही त्या वेळी बाकावर नव्हता," मी म्हणालो. "जिन्यापाशी होता."

"ऐकल्यावर गेलो. तू बाहेर येणार, मी तिथंच बसलेला, मग तू बघणार कुठं?" अण्णांनी शालीची घडी घातली. "जाऊ दे. आता खरा शब्द सांग. एकोणीस वर्षं झाली."

"कोंत्रोलर."

अण्णांनी तो शब्द हळूच पुकारून पाहिला. "म्हणजे कंट्रोलरच."

"हो."

"एवढंच म्हणायचं होतं होय तुला?" ते म्हणाले आणि असे हसले की शाल खाली पडली. मला हसता आलं नाही. मी शाल उचलली.

दुसऱ्या दिवशी मी सायक्लोस्टाईलचा गठ्ठा काढला. केळुसकर सरांची आज्ञा एका जागी मोडली. निबंध क्रमांक एक, दुसरी ओळ. माझे वडील एस.टी.त कंट्रोलर आहेत. सोफी ठेवली, मेदोर ठेवला, सफरचंदंही ठेवली. पोरांनी मुकाट्याने पाठ केलं. कारखान्याच्या चेअरमनचा नातू, सराफाची मुलगी, तहसीलदारांची जुळी, सगळ्यांचे वडील एस.टी.त गेले. निकाल बिघडला नाही.

पाच वर्षांनी, अण्णा जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा, एके दिवशी दुपारी डॉ. इनामदार माझ्या घरी आले. गावातले हाडांचे डॉक्टर, दोन मजली दवाखाना. बूट न काढताच बोलायला लागले.

"चौगुले सर, हा काय प्रकार आहे? माझी शर्वरी विद्यापीठात मुलाखतीला गेली होती. बी.ए. फ्रेंचला. म्हणते मला फ्रेंचची टीचर व्हायचंय."

"चांगलं आहे. तिला मार्क किती होते?"

"अठ्ठ्याण्णव."

"मग?"

"मग काय? ती आत सांगतेय, माझे वडील एस.टी.त कंट्रोलर आहेत! मला फ्रेंच येत नाही, पण एस.टी. आणि कंट्रोलर कळायला फ्रेंच कशाला लागतं? ती बाई, म्हातारी, करड्या केसांची, हसायला लागली. म्हणाली, कुत्रा तोच आहे, वडील तेवढे बदललेत. अर्थ काय याचा?"

"त्यांनी घेतलं का शर्वरीला?"

"घेतलं. एक वर्ष आधी कसल्या प्रमाणपत्राच्या वर्गात बसवणार म्हणे. सगळं विसर म्हणाली."

"मग पाठवा. चार वर्षं लागतील, लागू देत. बी.एड.चं नंतर बघता येईल."

"ते मी पाठवीन हो. पण माझं म्हणणं..."

"तुम्हाला हे सगळं कुठून ऐकू आलं?"

"मी बाहेरच होतो. बाकावर."

"काच अजून बसवली नाही वाटतं."

"काय?"

"काही नाही. तुम्ही ऐकलंत, मग काय केलंत?"

"काय करणार? तसाच दार ढकलून आत शिरलो. म्हटलं, मी हिचा बाप. डॉक्टर श्रीनिवास इनामदार, एम.एस. ऑर्थो. कंट्रोलर-बिंट्रोलर कुणी नाही."

"बरं केलंत," मी म्हणालो आणि आत चहा ठेवायला सांगितलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुणीही बाप आतच शिरेल. अण्णा तेवढे उठून उलट्या दिशेला गेले होते आणि जिन्यापाशी उभे राहून वेळापत्रक वाचत होते. जर्मनचं, तेही मागल्या परीक्षेचं.